फोटॉनच्या वाटेनं : व्हिएन्ना ते इन्सब्रुक

यू-१ मेट्रोनं डोनाउइन्झेल स्थानकावर उतरलं, की आपण डॅन्यूबच्या मधोमध उभे असतो. हे बेट नदीनं केलेलं नाही. पुराचं पाणी वळवण्यासाठी व्हिएन्ना शहरानं १९७२ ते १९८८ या काळात मूळ प्रवाहाला समांतर दुसरं पात्र खोदलं आणि त्यातून निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांबीचं हे अरुंद बेट झालं. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इथे चांगलीच गर्दी असते. सायकली, पोहणारी मुलं, गवतावर चादर अंथरून बसलेली कुटुंबं. मी काठच्या दगडांवर बसले होते आणि माझं लक्ष नदीच्या तळाकडे होतं. त्या तळाखालून सांडपाण्याचा बोगदा जातो. त्या बोगद्यात ओढलेल्या ऑप्टिकल फायबरमधून २००४ साली जो प्रयोग झाला, तो नांदेडच्या कॉलेजात शिकवत असताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवला आहे. जागा पहिल्यांदाच पाहत होते.

रूपर्ट उर्सिन, अँटोन झाइलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रयोगात एका काठावरच्या फोटॉनची अवस्था ६०० मीटर पलीकडच्या दुसऱ्या फोटॉनवर उतरवली. याला क्वांटम टेलिपोर्टेशन म्हणतात. यात वस्तू कुठेच जात नाही. जाते ती अवस्था, म्हणजे प्रकाशाच्या त्या कणाचं ध्रुवीकरण कसं आहे एवढीच गोष्ट. ती पलीकडे उमटते तेव्हा अलीकडच्या फोटॉनवरून पुसली गेलेली असते. दोन प्रती कधीच राहत नाहीत.

एका खास स्फटिकावर लेझर सोडला, की अधूनमधून त्यातून फोटॉनची जोडी बाहेर पडते. या दोघांचं ध्रुवीकरण सुटं सुटं ठरलेलं नसतं, त्यांचं नातं तेवढं ठरलेलं असतं. एकाचं मोजलं, की दुसऱ्याचं त्याला जुळणारंच निघतं, मग तो कितीही लांब असो. अशा गुंतलेल्या जोडीतला एक फोटॉन अलीकडे ठेवायचा आणि दुसरा बोगद्यातून पलीकडे पाठवायचा. ज्याची अवस्था न्यायची तो तिसरा फोटॉन आणि जोडीतला अलीकडचा, यांचं एकत्र मोजमाप करायचं. त्या मोजमापाचं उत्तर साध्या मार्गानं पलीकडे कळवलं, की तिथल्या फोटॉनवर ठरावीक फेरफार करून मूळ अवस्था मिळते. उत्तर येईपर्यंत पलीकडच्याच्या हाती उपयोगाचं काहीच नसतं. म्हणून प्रकाशापेक्षा वेगानं निरोप जातो असं जे सांगितलं जातं, ते चूक आहे.

डॅन्यूबच्या प्रयोगात हे उत्तर मायक्रोवेव्हनं, नदीवरच्या हवेतून गेलं. फोटॉन मात्र खालून, ८०० मीटर फायबरमधून. काचेत प्रकाशाचा वेग सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो. त्यामुळे वरचा निरोप खालच्या फोटॉनच्या दीडेक मायक्रोसेकंद आधी पोचायचा आणि तेवढ्या अवधीत पलीकडचं उपकरण येणाऱ्या फोटॉनसाठी सज्ज व्हायचं. काच प्रकाशाला मंदावते, हे आपण शाळेत शिकतो; त्या मंदावण्यातून दीड मायक्रोसेकंद कमावणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

व्हिएन्नाची गटारं पाहता येतात. ‘द थर्ड मॅन’ या १९४९ सालच्या चित्रपटातला पाठलाग इथे चित्रित झाला आणि त्याच्या नावानं कार्ल्सप्लाट्झजवळ जमिनीखाली नेणारी सहल निघते. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट घालून लोखंडी जिना उतरायचा. विटांच्या कमानी, वाहत्या पाण्याचा आवाज, आणि वास आहेच. वाटाड्या चित्रपटाबद्दल बोलतो, साथीच्या रोगांनंतर शहरानं हे जाळं कसं वाढवलं ते सांगतो. फोटॉनचा विषय तिथे निघत नाही. पण एप्रिल २००४ मध्ये गुंतलेल्या फोटॉनपासून बनवलेल्या किल्लीनं सुरक्षित केलेला जगातला पहिला बँक-व्यवहार झाला, तोही याच जाळ्याच्या आधारानं. महापालिकेची इमारत आणि बँकेची शाखा यांच्यामध्ये १,४५० मीटर फायबर सांडपाण्याच्या मार्गातून टाकलेली होती. एकोणिसाव्या शतकात शहरानं लोकांच्या आरोग्यासाठी जी कामं केली, ती एकविसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राला आयती मिळाली.

ही किल्ली म्हणजे दोन्हीकडे सारखेच आलेले शून्य आणि एक. गुंतलेली जोडी दोन ठिकाणी मोजली, की दोघांना जुळणारी आणि तरीही पूर्णपणे यादृच्छिक उत्तरं मिळतात. अशी हजारो उत्तरं ओळीनं ठेवली, की झाली किल्ली. मधेच कुणी फोटॉन पकडून वाचायचा प्रयत्न केला, तर उत्तरं बिघडतात आणि चोरी कळते. १९८४ मध्ये चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी एकेकट्या फोटॉनची, तर १९९१ मध्ये आर्टर एकर्ट यांनी गुंतलेल्या जोड्यांची पद्धत मांडली. २००८ मध्ये व्हिएन्नात अशा अनेक ठिकाणांना जोडणारं जाळंच काही काळ चालवून दाखवण्यात आलं.

अडचण अंतराची आहे. फायबरमध्ये प्रकाश विरत जातो. साध्या दूरसंचारात तो वाटेत वाढवून पुढे सोडतात. एकट्या फोटॉनची नक्कल करता येत नाही, त्यामुळे ती सोय इथे नाही. ज्या नियमामुळे चोर हरतो, त्याच नियमामुळे अभियंताही अडतो. २०२२ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी एका बाजूला सांक्ट प्योल्टेन आणि दुसऱ्या बाजूला स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लाव्हा अशी २४८ किलोमीटर फायबर वापरून ११० तास सलग गुंतलेल्या जोड्या पोचवल्या. मिळाल्या सेकंदाला सरासरी नऊ. आपल्या घरच्या फायबरमधून सेकंदाला कोट्यवधी बिट वाहतात. क्वांटम इंटरनेट आलंच, असं लिहिणाऱ्यांनी हा नऊचा आकडा जवळ ठेवावा. आणि यात काय विशेष, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ती फायबर प्रयोगशाळेतल्या रिळावर गुंडाळलेली नव्हती. ऊन-पावसात दोन देशांच्या जमिनीतून ती गेली होती.

दुसऱ्या सकाळी शॉटनटोरहून ट्रॅमनं नवव्या जिल्ह्यात गेले. श्ट्रुडलहोफ नावाचा सुंदर दगडी जिना चढून आलं, की बोल्ट्झमनगास ही शांत गल्ली लागते. तिथल्या तीन क्रमांकाच्या इमारतीत १९१० साली रेडियम संशोधन संस्था सुरू झाली. किरणोत्साराच्या अभ्यासासाठीच बांधलेली ती जगातली पहिली संस्था. आज त्या वास्तूत ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीची क्वांटम प्रकाशविज्ञान आणि क्वांटम माहितीची संस्था आहे. झाइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं, आलँ आस्पे आणि जॉन क्लाउझर यांच्याबरोबर, तेव्हा जगभरचे कॅमेरे या संस्थेकडे वळले.

या दारापाशी मी बराच वेळ थांबले. इथे व्हिक्टर हेस काम करत होते. जमिनीपासून वर जावं तशी किरणांची तीव्रता कमी होते, की वाढते, हे पाहायला ते बलूनमध्ये बसून वर गेले. ७ ऑगस्ट १९१२ च्या उड्डाणात पाच हजार मीटरच्या वर त्यांच्या उपकरणांनी वाढ दाखवली. किरणं जमिनीतून नाही, अवकाशातून येत होती. वैश्विक किरणांच्या या शोधासाठी त्यांना १९३६ चं नोबेल मिळालं. याच संस्थेत मारिएटा ब्लाउ यांनी अनेक वर्षं बहुतांशी बिनपगारी काम करून कणांचे माग टिपणाऱ्या छायाचित्र-काचांचं तंत्र घडवलं. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला. श्रोडिंगर यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळालं नाही.

संस्थेच्या गच्चीवर एक दुर्बीण आहे. तिला हेडी लामार यांचं नाव दिलं आहे. हॉलिवूड गाजवणाऱ्या या अभिनेत्रीचा जन्म व्हिएन्नाचा. टॉर्पेडोला रेडिओनं आज्ञा देताना शत्रूला ती अडवता येऊ नये म्हणून वारंवारता सतत बदलत ठेवायची, या कल्पनेचं पेटंट त्यांना आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये मिळालं. शहराच्या छपरांवरून या गच्चीपर्यंत तीन किलोमीटर पीळ दिलेला लेझर प्रकाश पाठवून काही वर्षांपूर्वी तीन चित्रं उतरवण्यात आली: मोझार्ट, बोल्ट्झमन आणि श्रोडिंगर. प्रयोग साध्या प्रकाशाचा होता, पण हवेच्या खळबळीतून तो पीळ टिकतो का, हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता आलं नसतं.

माझ्या मनाला जो प्रयोग सर्वांत भिडला, तोही याच गच्चीवरचा. गुंतलेल्या फोटॉनची उत्तरं जुळतात, ती आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली नसतात कशावरून? १९६४ मध्ये जॉन बेल यांनी हे तपासण्याची कसोटी दिली आणि तेव्हापासून प्रयोग होत आले. पण एक शंका उरत होती. कोणत्या दिशेनं मोजायचं हे जे यंत्र ठरवतं, त्याच्यावरच फोटॉनशी संबंधित कुठल्या तरी जुन्या घटनेचा प्रभाव असेल तर? २०१७ मध्ये व्हिएन्नाच्या गटानं ही निवड ताऱ्यांवर सोपवली. फोटॉनचा उगम या गच्चीवर, एक मोजणी राष्ट्रीय बँकेच्या इमारतीत, दुसरी कृषिविद्यापीठात. दोन्हीकडे दुर्बिणी वेगवेगळ्या ताऱ्यांवर रोखलेल्या. ताऱ्याचा प्रकाशकण तांबूस आला की एक दिशा, निळसर आला की दुसरी. तो प्रकाश ताऱ्यावरून सुमारे सहाशे वर्षांपूर्वी निघालेला होता. म्हणजे आधीपासून संगनमत असलंच, तर ते सहाशे वर्षांपूर्वी झालेलं असायला हवं. उत्तरं क्वांटम सिद्धांताप्रमाणेच आली. पुढे हाच प्रयोग कॅनरी बेटांवर क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी स्रोतांच्या प्रकाशानं करून तो काळ अब्जावधी वर्षांमागे ढकलण्यात आला.

अशा प्रयोगाला कोण पैसे देतं? त्यातून वस्तू निघत नाही, पेटंट निघेलच असं नाही. ऑस्ट्रियानं दिले, दशकानुदशकं दिले. आजची क्वांटम किल्ली, क्वांटम संगणक, क्वांटम संवेदक ही सगळी त्याच प्रश्नांची मुलंबाळं आहेत, हे माझं मत या गल्लीत पक्कं झालं.

रिंगरस्त्यावरच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत मोठं चौरस अंगण आहे, चारी बाजूंनी कमानी आणि कमानींखाली विद्वानांचे पुतळे. श्रोडिंगरच्या अर्धपुतळ्यावर त्यांचं समीकरण कोरलेलं आहे. दोन कणांची अवस्था एकमेकांत गुंतते, या गोष्टीला १९३५ मध्ये नाव दिलं ते त्यांनीच. त्या अंगणात दीर्घकाळ जवळजवळ सगळे पुरुषच होते. २०१६ मध्ये सात विदुषींची स्मारकं बसवली, त्यांत लीझ माइटनर आहेत आणि रेडियम संस्थेच्या बेर्टा कार्लिक आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. विद्यार्थी आरामखुर्च्यांवर पहुडून पुस्तकं वाचत असतात.

व्हिएन्नाहून क्वांटमची एक वाट थेट चीनला गेली. झाइलिंगर यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या पान जियानवेई यांच्या गटानं ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मिसियस’ हा उपग्रह सोडला. अवकाशात प्रकाश फायबरसारखा विरत नाही, वातावरणाचा जाड थर अगदी थोडा, त्यामुळे अंतराची अडचण वरून ओलांडता येते. सप्टेंबर २०१७ मध्ये बीजिंग आणि व्हिएन्ना इथल्या विज्ञान अकादम्यांचे अध्यक्ष या उपग्रहानं वाटलेल्या किल्लीच्या आधारे व्हिडिओवर बोलले. ऑस्ट्रियाकडचं केंद्र होतं ग्राझच्या वेधशाळेत, ७,६०० किलोमीटरवर. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बातम्यांत सहसा नसते. किल्ली उपग्रहालाही माहीत होती. म्हणजे उपग्रहावर विश्वास ठेवणं भाग होतं. कुणावरही विश्वास न ठेवता दोन खंड जोडणं अजून व्हायचं आहे.

व्हिएन्ना ते इन्सब्रुक रेलजेट गाडीला सव्वाचार तासांच्या आसपास लागतात. लिंझ, साल्झबुर्ग, मग थोडा वेळ जर्मनीतून, आणि कुफश्टाइनला पुन्हा ऑस्ट्रिया. इन नदीच्या खोऱ्यात शिरलं की दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात. मी ब्रिक्सलेगच्या बाजूला उतरून बसनं आल्पबाख या गावी गेले. लाकडी सज्जे, त्यांवर लाल जिरेनियम, आणि चर्चच्या आवारात नीटस कबरी. त्यांत एर्विन श्रोडिंगर यांची कबर आहे. लोखंडी क्रूसावर त्यांचं समीकरण आहे. १९३३ मध्ये नाझी आले तेव्हा त्यांनी बर्लिन सोडलं, १९३८ मध्ये ग्राझ विद्यापीठानं त्यांना काढलं, मग डब्लिनमध्ये सतरा वर्षं. १९५६ मध्ये ते व्हिएन्नाला परतले आणि १९६१ मध्ये गेले. कबरीपाशी ताजी फुलं होती.

इन्सब्रुकला माझा एक जुना विद्यार्थी संशोधन करतो. मूळचा नांदेडकडचा. विमानतळाच्या बाजूला, शहराच्या पश्चिमेला विद्यापीठाचा तंत्रविज्ञान परिसर आहे. तिथे त्यानं मला नेलं. दारातच म्हणाला, ‘‘मॅडम, टेबलाला टेकू नका. अन् बॅग इथंच ठेवा.’’ मी त्याला वर्गात असंच बजावत असे.

या शहराचं ऋण मोठं आहे. १९९७ मध्ये जगातला पहिला क्वांटम टेलिपोर्टेशनचा प्रयोग इथेच झाला, झाइलिंगर व्हिएन्नाला जाण्याआधी. १९९५ मध्ये इग्नासिओ सिराक आणि पेटर झोलर यांनी इथूनच लेख लिहून विजेनं पकडून ठेवलेल्या अणूंपासून संगणक कसा करता येईल ते दाखवलं. राइनर ब्लाट यांच्या गटानं ते प्रत्यक्षात आणलं.

पोलादी निर्वात पेटीत चार सळ्यांसारख्या विद्युत-अग्रांमध्ये कॅल्शियमचे आयन एका ओळीत तरंगतात. दोन आयनांत काही मायक्रोमीटरचं अंतर. प्रत्येक आयन म्हणजे एक क्यूबिट. त्याच्या दोन ऊर्जापातळ्या म्हणजे शून्य आणि एक, आणि लेझरच्या अचूक मोजलेल्या झोतानं त्याला या दोहोंच्या मिश्र अवस्थेत ठेवता येतं. दोन क्यूबिटांनी एकमेकांशी हिशेब करायचा तर त्यांच्यात दुवा लागतो. सिराक आणि झोलर यांचं मर्म इथे आहे. सगळे आयन विद्युतभारित असल्यानं एक हलला की सगळी ओळ हलते, पालखीच्या दांडीला खांदा दिलेल्या भोयांपैकी एकाचं पाऊल चुकलं तरी धक्का सर्वांना कळतो तसं. त्या सामाईक हालचालीतून एका आयनाची अवस्था दुसऱ्याच्या अवस्थेशी बांधता येते.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यानं मला ती ओळ दाखवली. अंधारात निळसर ठिपके, एकसारख्या अंतरावर. प्रत्येक ठिपका एक अणू. मी आयुष्यभर अणू शिकवला. सुटा अणू पाहणं ही वेगळीच गोष्ट आहे. माझे डोळे भरून आले, आणि तो मुलगा शहाणपणानं दुसरीकडे बघत राहिला.

२०११ मध्ये या गटानं १४ क्यूबिट एकत्र गुंतवले. २०२१ मध्ये पूर्ण यंत्रणा दोन साध्या सर्व्हर-कपाटांत बसवून २४ आयन गुंतवले. विजेचा वापर सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे घरातल्या एअर कंडिशनरएवढा. २०२२ मध्ये अनेक क्यूबिटांचा मिळून एक सुरक्षित क्यूबिट करून त्याच्यावर सर्व प्रकारच्या मूलभूत क्रिया चूक पसरू न देता करून दाखवल्या. २०२३ मध्ये इथल्या संशोधकांनी परिसरातल्याच दोन इमारतींमधले, २३० मीटर लांबचे दोन आयन फायबरनं गुंतवले. संगणक आणि संदेशवहन यांच्या वाटा तिथे एकत्र आल्या. आणि २०२२ च्याच आणखी एका प्रयोगात २६ आयन गुंतवून या संगणकाला संवेदक बनवलं: गणित करण्याऐवजी तो मोजमाप करतो, आणि मोजण्याची उत्तम रीत स्वतःच शोधत जातो.

मी विचारलं, ‘‘अरे, पण दिवसभर तू नेमकं काय करतोस?’’

‘‘आरसे, मॅडम. आरसे सरळ करतो. नाहीतर व्हॅक्यूम. गळती शोधण्यात आठवडे जातात.’’

त्या टेबलावर शेकडो आरसे आणि भिंगं होती, प्रत्येकाला बारीक स्क्रू. जगाला संगणकाची बातमी दिसते. इथे रोजचं काम हाताचं आहे.

क्यूबिटचा खरा शत्रू म्हणजे चूक. उष्णता, कंपन, भटकं चुंबकीय क्षेत्र, कशानंही अवस्था ढळते. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलनं १०५ क्यूबिटांच्या ‘विलो’ या अतिसंवाहक चिपवर दाखवलं, की एका सुरक्षित क्यूबिटसाठी जास्त क्यूबिट वापरत गेलं तर चुकांचं प्रमाण प्रत्येक पायरीला निम्म्याहून खाली येतं. त्याआधी बहुतेक वेळा क्यूबिट वाढवले की चुकाच वाढायच्या. ही मला या दशकातली सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते, क्यूबिटांच्या संख्येच्या शर्यतीपेक्षा कितीतरी महत्त्वाची. अशा चिपचा पाया घालणाऱ्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांना २०२५ चं भौतिकीचं नोबेल मिळालं: जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस.

आपलं बँकेचं काम, पासवर्ड, सही ज्या आरएसए पद्धतीवर बऱ्याच अंशी चालतात, ती क्वांटम संगणकानं मोडण्याची रीत पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दिली आहे. त्यासाठी दोन कोटी क्यूबिट लागतील असा अंदाज २०१९ मध्ये होता. २०२५ मध्ये तोच दहा लाखांच्या आत आला. यंत्रं अजून हजारांच्या आसपास घुटमळताहेत, पण आकडा कुठल्या दिशेनं सरकतोय ते स्पष्ट आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही मोडता येऊ नयेत अशा नव्या गणिती पद्धती प्रमाणित केल्या, त्या यासाठीच. बहुतेक ठिकाणी हा बदल फोटॉनशिवाय, नुसत्या सॉफ्टवेअरनं होईल. फोटॉनची किल्ली मोजक्या, अत्यंत महत्त्वाच्या दुव्यांपुरती राहील असं मला वाटतं.

इन्सब्रुकच्या डोक्यावर नॉर्डकेटेची रांग आहे. गावातून निघणारी छोटी रेल्वे, मग दोन रोपवे, आणि आपण हाफेलेकारला २,२५० मीटरच्या वर. दक्षिणेला ब्रेनर खिंडीकडे जाणारी दरी, उत्तरेला उघडे कातळ. तिथे एक साधीशी लाकडी झोपडी आहे. १९३१ मध्ये व्हिक्टर हेस यांनी उभारलेलं हे वैश्विक किरणांचं केंद्र. मारिएटा ब्लाउ आणि त्यांची सहकारी हेर्टा वाम्बाखर यांच्या काचा १९३७ मध्ये इथेच काही महिने ठेवल्या होत्या. धुतल्यावर त्यांत एका बिंदूतून फुटलेले अनेक माग दिसले. किरणानं अणुकेंद्र फोडल्याची ती नोंद होती.

हेच किरण आज अतिसंवाहक क्वांटम चिपवर पडतात. उच्च ऊर्जेचा एक कण आदळला, की एक क्यूबिट बिघडत नाही, अनेक एकदम बिघडतात, आणि चुका दुरुस्त करण्याची सगळी योजना त्या क्षणापुरती कोलमडते. गूगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. १९१२ मध्ये बलूनमध्ये बसलेल्या माणसाला संगणक माहीत नव्हता. त्याला फक्त उपकरणातली नोंद का वाढते ते हवं होतं.

उतरताना रोपवेत माझा विद्यार्थी म्हणाला, ‘‘मॅडम, औंढ्याला लायगो होतंय. लोकांना वाटतं ते दुर्बिणीचं काम आहे.’’

त्याचं म्हणणं खरं आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो हे जगातलं सर्वांत नाजूक क्वांटम संवेदक म्हणता येईल. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेझर फिरतो आणि लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही कमी फरक मोजला जातो. इतक्या बारीक पातळीवर प्रकाशाची स्वतःची क्वांटम थरथर आडवी येते. म्हणून ‘दाबलेला’ प्रकाश वापरतात: ज्या राशीचं मोजमाप हवं तिची थरथर कमी करायची आणि नको असलेल्या राशीची वाढू द्यायची. अमेरिकेतल्या लायगोत तो २०१९ पासून नेमानं वापरात आहे आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती बसली. तिच्यामुळे टिपल्या जाणाऱ्या घटना ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतात. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच महिन्यात ६,००० कोटींहून अधिक खर्चाची राष्ट्रीय क्वांटम मोहीमही मंजूर झाली आणि पुढे तिचं संवेदनाचं केंद्र आयआयटी मुंबईला मिळालं. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आधीपासून आहे.

पैसा आला, जागा ठरल्या. आता हात हवेत: आरसे सरळ करणारे, गळती शोधणारे, रात्र रात्र लेझरपाशी बसणारे. ते इन्सब्रुकहून परत येतील या भरवशावर राहू नये. हिंगोली, परभणी, नांदेडच्या कॉलेजांतल्या भौतिकशास्त्राच्या विभागांनी व्हॅक्यूम पंप, लेझर आणि प्रकाशिकी यांचे प्रात्यक्षिक वर्ग आत्ताच सुरू करावेत, रिकाम्या जागा भराव्यात, आणि पदवीच्या मुलामुलींना औंढ्याच्या कामावर न्यावं.